नर्सिंग कॉलेजचा निकाल लावताना पेशंटलाही विचारा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

नर्सिंगच्या परीक्षांचे निकाल लागले की वर्तमानपत्रांत कॉलेजांच्या बातम्या येतात. निकाल शंभर टक्के, अमुक विद्यार्थिनी पहिली, तमुक इतक्या जणींना मोठ्या हॉस्पिटलांत नोकऱ्या. मी या बातम्या आजही शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. माझी उमेदीची वर्षं आधी वॉर्डात आणि नंतर नर्सिंग ट्यूटर म्हणून वर्गात गेली, त्यामुळे फोटोतल्या मुलामुलींनी काय सोसलं असेल ते मला ठाऊक आहे. त्यांचं कौतुक झालंच पाहिजे. पण या बातम्यांत दोन गोष्टी कधीच नसतात. ही मुलं कोणत्या घरांतून आली, आणि उद्या ती कोणाच्या खाटेपाशी उभी राहणार? ज्या कॉलेजला या दोन प्रश्नांची उत्तरं देता येत नाहीत, त्याचा निकाल अर्धाच लागला आहे असं मी मानते. त्याबद्दलच हे पत्र आहे. लांबलं आहे, पण शक्यतो न कापता छापावं ही विनंती.

शिक्षणसंस्थेची समाजाशी बांधिलकी म्हणजे काय, हे जागतिक आरोग्य संघटनेने १९९५ साली वैद्यकीय महाविद्यालयांसाठी स्पष्ट लिहून ठेवलं. ज्या समाजासाठी संस्था उभी आहे, त्याला आरोग्याचे कोणते प्रश्न सर्वांत जास्त छळतात ते पाहून तिने आपलं शिक्षण, संशोधन आणि सेवा तिकडे वळवली पाहिजे. ते प्रश्न कोणते, हे कॉलेजने एकट्याने बसून ठरवायचं नाही. सरकार, आरोग्यसेवा देणाऱ्या संस्था, त्यात काम करणारे लोक आणि जनता यांनी मिळून ठरवायचं. त्यासाठी चार कसोट्या सांगितल्या होत्या: गरजेशी नातं, दर्जा, पैशाचा योग्य वापर आणि समन्याय, म्हणजे ज्याची गरज जास्त त्याच्याकडे जास्त लक्ष. डॉक्टरांच्या शिक्षणात यावर पुढे बरीच चर्चा झाली, २०१० साली जगभरातल्या तज्ज्ञांचं त्यावर एक मतैक्यही झालं. नर्सिंगमध्ये मात्र ‘आम्ही तर सेवाच करतो, आम्हाला वेगळी बांधिलकी कशाला शिकवायची’ असं म्हणून हा विषय बाजूला पडताना मी वर्षानुवर्षं पाहिलं आहे. आपण सेवाभावी आहोत हे गृहीत धरलं की ती सेवा कोणाला मिळते आणि कोणाला मिळत नाही, हे तपासायची गरजच वाटेनाशी होते.

तपासलं तर काय दिसतं? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे २०२३ मध्ये जगात सुमारे २ कोटी ९८ लाख परिचारक-परिचारिका होत्या आणि तरीही ५८ लाखांची कमतरता होती. त्याहून बोचणारा आकडा वाटणीचा आहे. जगातल्या ७८ टक्के परिचारिका अशा देशांत आहेत, जिथे जगाची जेमतेम ४९ टक्के लोकसंख्या राहते. देशादेशांत जी तफावत आहे, तीच प्रत्येक देशाच्या आत शहर आणि दुर्गम भाग यांच्यात दिसते. ज्युलियन ट्यूडर हार्ट या ब्रिटिश डॉक्टरांनी १९७१ सालीच हे नियमासारखं मांडलं होतं: चांगल्या उपचारांची गरज जिथे जास्त, तिथेच ते कमी मिळतात. ते स्वतः वेल्समधल्या खाणकामगारांच्या वस्तीत दवाखाना चालवत होते, म्हणून त्यांच्या म्हणण्याला वजन होतं. नुसत्या जागा वाढवून, नवी कॉलेजं उघडून हा नियम मोडत नाही. जास्त परिचारिका तयार होतात आणि त्या आधीच परिचारिका असलेल्या ठिकाणी जातात.

म्हणून सुरुवात प्रवेशापासून करावी लागते. दुर्गम भागातून आलेली मुलं शिक्षण संपल्यावर तिकडे काम करण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, हे अनेक देशांत दिसून आलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये ग्रामीण भागात कर्मचारी टिकवण्याबद्दल ज्या शिफारशी केल्या, त्यांत ग्रामीण पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्यांना प्रवेश देणं ही ठळक शिफारस आहे. शिक्षणसंस्था मोठ्या शहरांच्या बाहेर असाव्यात, शिकतानाच ग्रामीण भागात काम घडावं, हेही त्यांत आहे.

याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण फिलिपिन्समधलं आहे. तिथल्या लेटे बेटावर १९७६ साली फिलिपिन्स विद्यापीठाने एक आरोग्यविद्यालय काढलं. मुलांची निवड करताना तिथे गावाचं म्हणणं विचारात घेतात. गाव म्हणतं, हा आमचा मुलगा किंवा ही आमची मुलगी, हिला शिकवा, ती परत येईल. शिक्षण पायरी-पायरीचं आहे. पहिल्यांदा सुईणीचं काम शिकायचं, गावात जाऊन ते करायचं. गावाने ‘काम चांगलं केलं’ असं सांगितलं तर पुढची पायरी नर्सिंगची आणि त्यापुढची डॉक्टरकीची. जिला मध्येच थांबावं लागलं, तिचं शिक्षण वाया जात नाही. ती त्या पायरीवरची पूर्ण प्रशिक्षित कामगार असते. गरीब घरातल्या मुलीसाठी ही फार मोठी गोष्ट आहे. नेहमीच्या पद्धतीत तिसऱ्या वर्षी वडील आजारी पडले आणि शिक्षण सुटलं, की तिच्या हाती दोन वर्षांच्या मार्कशीट सोडून काही राहत नाही. लेटेच्या पद्धतीत मला आणखी एक गोष्ट मोलाची वाटते. विद्यार्थ्याला वर चढवायचं की नाही, यात गावाचा शब्द असतो. आपल्या प्रॅक्टिकलच्या परीक्षेला दोन परीक्षक असतात, एक आतला, एक बाहेरचा. ज्या पेशंटवर परीक्षा होते, त्याला मात्र शेवटी कोणी विचारत नाही, बाबा, हिने तुला कसं वागवलं?

प्रवेश दिला की काम संपलं असं समजणारी कॉलेजंही मी पाहिली आहेत. आमच्याकडे एक विद्यार्थिनी होती. सगळं शालेय शिक्षण मातृभाषेत झालेलं, घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली ती पहिलीच. वॉर्डात तिचे हात पाहत राहावेत असे. चिडलेल्या, कण्हणाऱ्या पेशंटचं ड्रेसिंग ती अशी करायची की माणूस मध्येच तिच्याशी गप्पा मारायला लागे. शरीररचनेच्या पेपरात मात्र ती दोनदा नापास झाली. तिला उत्तर येत नव्हतं असं नाही. प्रश्न वाचून समजायलाच अर्धा वेळ जात होता. एका बैठकीत ‘तिची पात्रता नाही’ असा शेरा आला. आम्ही दोघी-तिघी ट्यूटर अडून बसलो. संध्याकाळी वाचनाचा तास सुरू केला. पुस्तकातला एक परिच्छेद घ्यायचा, आधी तो आपल्या भाषेत समजून घ्यायचा, मग इंग्रजीत आपल्या शब्दांत लिहायचा. वरच्या वर्गातल्या मुली शिकवायला येत. त्या तासाला फक्त नापास मुलींनाच बसवायचं नाही, हे आम्ही मुद्दाम ठरवलं होतं, नाहीतर तिथे बसण्याचीच लाज वाटली असती. ती मुलगी पास झाली, नोकरीला लागली, आणि आज आपल्या वॉर्डची इन्चार्ज सिस्टर आहे. तिच्यासारख्या किती जणी अशा शेऱ्याखाली गळून गेल्या असतील, याचा कोणत्याही कॉलेजकडे हिशेब नसतो. शंभर टक्के निकाल लावायची एक सोपी युक्ती असते, कच्च्या वाटणाऱ्यांना परीक्षेलाच बसू द्यायचं नाही. हजेरीचं कारण पुढे करता येतं, इंटर्नलचे मार्क कमी देता येतात. म्हणून किती पास झाले याच्या शेजारी किती जणांनी प्रवेश घेतला होता हा आकडा छापलाच पाहिजे.

पैशाचंही तसंच. फी माफ झाली म्हणजे शिक्षण फुकट झालं, असा समज आहे. युनिफॉर्मचे जोड, बूट, सेकंदकाटा असलेलं घड्याळ, जर्नल, प्रोसिजर बुक, लांबच्या पोस्टिंगला जायचं-यायचं भाडं, हॉस्टेल, मेस, वर उशीर झाला म्हणून दंड. पगाराच्या घरातून आलेल्या मुलीला हे खर्च जाणवतही नाहीत. दुसरी मुलगी याच खर्चापायी पोस्टिंग चुकवते आणि वहीत तिची नोंद ‘अनियमित’ अशी होते. कम्युनिटी पोस्टिंगची, म्हणजे वस्तीत जाऊन काम शिकण्याच्या फेरीची, गाडी कॉलेजची हवी, हे मी प्रत्येक बैठकीत मांडत आले. त्यात औदार्याचा प्रश्न नाही. जी गोष्ट अभ्यासक्रमात सक्तीची आहे, तिचा खर्च विद्यार्थ्याच्या खिशातून जाऊ नये.

आता वर्गात काय शिकवतो त्याकडे येते. समन्याय म्हटलं की लोकांना वाटतं, सामाजिक शास्त्राच्या पेपरात एखादं प्रकरण घातलं की झालं. प्रत्यक्षात समन्यायाचा प्रश्न बेडसोर, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणारी जखम, कसा ओळखावा इथपर्यंत येऊन पोचतो. पाठ्यपुस्तक सांगतं की बेडसोरची पहिली पायरी म्हणजे दाबल्यावरही फिकी न पडणारी लाली. सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर ही लाली नीट दिसतच नाही. फक्त लाली शोधायला शिकलेली विद्यार्थिनी अशा पेशंटची पाठ बघते आणि ‘त्वचा अखंड’ असं लिहून मोकळी होते. दोन दिवसांनी तिथे जखम उघडते. तिला शिकवायला हवं ते हे: उजेडात बघ, शेजारच्या त्वचेशी रंग ताडून बघ, हाताने ऊब किंवा गारवा जोख, जागा कडक लागते की पिचपिचीत ते बघ, आणि पेशंटला दुखतं का ते विचार. तसंच फिकटपणा पापणीच्या आत आणि तळहातावर बघायचा, निळेपणा जिभेवर आणि ओठांच्या आतल्या बाजूला, कावीळ डोळ्यांच्या पांढऱ्या भागात. हे वर्गात कधीतरी तोंडी सांगितलं जातं, पण पुस्तकातली चित्रं गोऱ्या कातडीची आणि प्रात्यक्षिकाच्या खोलीतला पुतळाही गोराच. डोळ्यांना सवय लागते ती चित्राची.

उपकरणंसुद्धा यातून सुटलेली नाहीत. बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर कोविडच्या काळात घराघरांत पोचला. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन ९२ ते ९६ टक्के, म्हणजे बरा दिसत असताना धमनीतल्या रक्ताच्या तपासणीत तो ८८ टक्क्यांहून कमी निघणं, असा दगा गोऱ्या पेशंटांच्या ३.६ टक्के मोजमापांत झाला होता आणि काळ्या पेशंटांच्या ११.७ टक्के. नर्सने यंत्र फेकून द्यावं असा याचा अर्थ नव्हे. आकड्याकडे बघताना पेशंटकडेही बघ, श्वास मोज, तो अस्वस्थ आहे का ते बघ, शंका आली तर ब्लड गॅससाठी, म्हणजे धमनीतल्या रक्ताच्या त्याच तपासणीसाठी, डॉक्टरांच्या मागे लाग, हे तिला शिकवायचं असतं. चांगलं नर्सिंग आणि न्याय्य नर्सिंग या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत हे मला इतकं स्वच्छ दुसऱ्या कुठल्या उदाहरणात दिसत नाही.

वॉर्डात विद्यार्थी आमच्या लेक्चरपेक्षा ओव्हर घेताना-देताना, म्हणजे ड्युटी बदलताना पेशंटची माहिती एकमेकींना सांगताना, जास्त शिकतात. ‘नऊ नंबर, काही ऐकत नाही.’ ‘बारा नंबर, अडाणी आहे, नातेवाईक भांडखोर.’ ड्युटी बदलताना अशी दोन वाक्यं कानावर पडली, की पुढचे आठ तास त्या माणसाला तसंच वागवलं जातं. विद्यार्थ्यांच्या केस स्टडीत हेच सभ्य भाषेत उतरतं: ‘पेशंटला आजाराविषयी ज्ञान नाही’, उपाय ‘आरोग्यशिक्षण दिलं’. मी माझ्या विद्यार्थ्यांना त्या रकान्याच्या पुढे एक रकाना आखायला लावत असे: सांगितलेलं करता का आलं नाही? सुरुवातीला सगळ्यांची कुरकुर. मग उत्तरं यायला लागली. ड्रेसिंगला आला नाही, कारण ड्रेसिंगचा दिवस आणि मजुरी मिळण्याचा दिवस एकच. पायावर भार देऊ नका म्हटलं होतं, पण पाणी भरायला दुसरं कोणी नाही. इन्सुलिन बंद केलं, कारण ‘फ्रिजमध्येच ठेवा’ असं बजावलं होतं आणि घरात फ्रिज नाही. या शेवटच्या उत्तरावर वर्गात चांगला तासभर बोलणं झालं. बहुतेक प्रकारच्या इन्सुलिनची वापरात असलेली कुपी उन्हापासून आणि फार उष्णतेपासून जपली तर साधारण चार आठवडे फ्रिजबाहेर चालते. कुपीसोबतच्या कागदावर किती तापमानाला किती दिवस ते लिहिलेलं असतं. एवढं सांगितलं असतं तर त्या बाईंचं इन्सुलिन बंद पडलं नसतं. अज्ञान होतं ते आरोग्यशिक्षण देणारीच्या बाजूला, तिला पेशंटच्या घराची माहिती नव्हती.

न्यूझीलंडमध्ये ही गोष्ट एका विद्यार्थिनीने ऐरणीवर आणली. १९८८ सालच्या एका बैठकीत नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची एक माओरी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांपैकी, मुलगी उभी राहिली आणि तिने विचारलं, तुम्ही कायदेशीर सुरक्षिततेबद्दल बोलता, नैतिक सुरक्षिततेबद्दल बोलता, कामातल्या सुरक्षिततेबद्दल बोलता, मग सांस्कृतिक सुरक्षिततेचं काय? इरिहापेती रॅम्स्डेन या माओरी परिचारिकेने तो प्रश्न पुढे नेला, त्यावर अभ्यासक्रम बांधला, आणि १९९२ मध्ये तिथल्या नर्सिंग कौन्सिलने तो नर्सिंगच्या शिक्षणात आणला. त्यावर वर्तमानपत्रांतून मोठा गदारोळ झाला, प्रकरण संसदीय समितीपर्यंत गेलं, पण विषय टिकला. रॅम्स्डेन यांचं सांगणं थोडक्यात असं की मिळालेली सेवा सुरक्षित होती की नाही, हे सेवा घेणाऱ्याने ठरवायचं. दुसऱ्या समाजाचे सणवार आणि चालीरीती पाठ करून काही होत नाही. नर्सने आधी स्वतःकडे बघायचं: मी कुठून आले, माझ्या हातात या माणसावर कोणती सत्ता आहे, माझ्या बोलण्याचा त्याला काय अर्थ लागतो. दवाखान्याने आपल्याला तोडून टाकलं असं ज्याला वाटलं, तो पुढच्या दुखण्यात उशिरा येतो किंवा येतच नाही. म्हणून तिथे हा विषय पेशंटच्या सुरक्षिततेत मोडतो.

आणि आता कम्युनिटी पोस्टिंग. याच्याबद्दल मला सर्वांत जास्त बोलायचं आहे. कागदोपत्री समाजाशी जोडणारा हाच विषय, आणि इथेच समाजाचा सर्वांत जास्त वापर होतो. मी शिकवलं त्यातल्या एका कॉलेजची एक ठरलेली वस्ती होती. दर वर्षी नवी बॅच तिथे जाई, घरोघरी तोच फॉर्म भरून घेई, बीपी मोजे, तक्ते लावून भाषण देई, फोटो काढी आणि परत येई. फाइल सुंदर बांधलेली असे. एकदा एका घरातल्या आजींनी फॉर्म भरणाऱ्या मुलीला विचारलं, “मागच्या वर्षीच्या पोरींनीपण हेच विचारलं होतं. त्याचं पुढं काय झालं?” मुलगी माझ्याकडे बघायला लागली. तिच्याकडे उत्तर असण्याचा प्रश्नच नव्हता, कारण मागच्या बॅचची फाइल मार्क देऊन झाल्यावर कपाटात गेली होती.

त्यानंतर आम्ही भांडून एक नियम करून घेतला. नवा सर्व्हे सुरू करण्याआधी जुन्या सर्व्हेत काय सापडलं ते वस्तीच्या बैठकीत वाचून दाखवायचं, आणि या वेळी कशावर काम करायचं ते वस्तीने सांगायचं. पहिल्याच बैठकीत आमचा ठरलेला विषय, हात धुण्याचं प्रात्यक्षिक, बाजूला पडला. बायका म्हणाल्या, हात कसे धुवायचे ते आम्हाला माहीत आहे, तुम्ही आम्हाला दवाखान्याचे कागद वाचून दाखवा. डिस्चार्ज कार्ड, चिठ्ठ्या, रिपोर्ट, सगळं पिशव्यांत भरून ठेवलेलं होतं आणि त्यावर काय लिहिलंय ते घरात कोणालाच कळत नव्हतं. मुलींनी ओट्यावर बसून कागद वाचायला घेतले. त्यात एक म्हातारे गृहस्थ निघाले, ते बीपीची एकच गोळी दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावांनी दोनदा घेत होते, कारण दोन दवाखान्यांनी ती लिहून दिली होती. चक्कर येते म्हणून ते आठवडाभर अंथरुणावर होते. त्यांना डॉक्टरांकडे नेलं, गोळ्या नीट करून घेतल्या. त्या मुलींना औषधशास्त्र त्या ओट्यावर जेवढं समजलं, तेवढं वर्गात समजलं नव्हतं, असं त्याच म्हणाल्या. पुढच्या बॅचने डिस्चार्जच्या वेळी पेशंटकडून ‘आता तुम्ही मला सांगा, घरी गेल्यावर कोणती गोळी कधी घेणार’ असं वदवून घ्यायची सवय वॉर्डात लावून घेतली. वस्तीने कॉलेजला शिकवलेला हा धडा आहे आणि अशी वाट दोन्ही बाजूंनी वाहती ठेवण्यालाच मी बांधिलकी समजते.

यावर नेहमी दोन आक्षेप येतात. पहिला, अशाने दर्जा घसरेल. माझं म्हणणं स्पष्ट आहे. बाहेर पडतानाची कसोटी सगळ्यांना एकच असली पाहिजे आणि ती कडक असली पाहिजे. औषधाचा डोस काढता येत नसेल तर कोणाचीही मुलगी असो, तिने इंजेक्शन हातात घेऊ नये. फरक करायचा तो मदतीत. कोणाला भाषेची मदत लागेल, कोणाला पैशाची, कोणाला गणिताची. दर्जा खरोखर कशाने घसरतो ते संशोधनाने दाखवलं आहे. युरोपातल्या ९ देशांतल्या ३०० हॉस्पिटलांचा अभ्यास २०१४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. एका नर्सकडे एक पेशंट वाढला की ऑपरेशनच्या पेशंटचा भरती झाल्यापासून ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढत होती. आणि पदवीधर नर्सचं प्रमाण १० टक्क्यांनी वाढलं की तीच शक्यता ७ टक्क्यांनी कमी होत होती. म्हणजे शिक्षण हवं आणि माणसंही हवीत. ज्या वॉर्डात स्टाफच्या जागी विद्यार्थ्यांना राबवलं जातं, तिथे ना शिकणं होतं ना सेवा.

दुसरा आक्षेप, हे सगळं राजकारण आहे, नर्सने आपलं काम करावं. इंटरनॅशनल कौन्सिल ऑफ नर्सेस या परिचारिकांच्या जागतिक संघटनेच्या २०२१ च्या आचारसंहितेत साधनांच्या वाटपात आणि आरोग्यसेवा मिळण्यात समन्याय आणि सामाजिक न्याय यांची बाजू परिचारिकांनी घ्यावी असं लिहिलेलं आहे. तेव्हा हे कामाबाहेरचं नाही, कामच आहे.

परदेशी जाणाऱ्यांबद्दलही दोन शब्द. जगातल्या दर सात परिचारिकांपैकी एक आपल्या जन्मदेशाबाहेर काम करते. चांगल्या पगारासाठी, मानाने जगण्यासाठी कोणी जात असेल तर तिला दोष देण्याचा कोणालाही हक्क नाही, आणि ठरावीक वर्षं काम करण्याच्या बॉण्डने बांधून ठेवून कोणी मनापासून काम करत नाही. माझी तक्रार कॉलेजबद्दल आहे. जे कॉलेज लोकांच्या पैशावर किंवा लोकांच्या हॉस्पिटलच्या खाटांवर शिकवतं आणि जाहिरातीत फक्त परदेशच्या नोकऱ्या मिरवतं, त्याने ज्यांच्या अंगावर सुया टोचायला त्याच्या विद्यार्थिनी शिकल्या त्या लोकांसाठी काय केलं, हेही सांगावं. नेणाऱ्या देशांनीही घडवणाऱ्या देशांच्या शिक्षणाला हातभार लावावा, असं आरोग्य कर्मचाऱ्यांच्या परदेशी भरतीबद्दलच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या संहितेतून सुचवलेलं आहे. ती ऐच्छिक आहे, त्यामुळे तिच्यामागे लागणारं कोणीतरी हवं.

माझी मागणी महागडी नाही. प्रत्येक नर्सिंग कॉलेजने वर्षातून एकदा एक जाहीर निवेदन काढावं. किती विद्यार्थी आले, त्यांत दुर्गम भागातले किती, घरात पहिल्यांदाच शिकणारे किती, अपंग किती, मुलगे किती. मध्येच किती सोडून गेले आणि त्यांनी स्वतः काय कारण दिलं. पास होऊन दोन वर्षं झालेले आज कुठे काम करतात. ज्या वस्त्यांत पोस्टिंग होतं त्यांनी काय मागितलं आणि कॉलेजने त्यातलं काय केलं, काय केलं नाही. आणि कॉलेजच्या समितीवर त्या वस्त्यांतला एक आणि पेशंटांमधला एक असे दोघे तरी असावेत, त्यांना मत असावं, आणि बैठकीला आल्याने त्यांची त्या दिवसाची मजुरी बुडू नये. ही माहिती बहुतेक कॉलेजांकडे आजही वेगवेगळ्या रजिस्टरांत पडून आहे. मागणारं कोणी नाही म्हणून ती एकत्र होत नाही.

संपादकसाहेब, ती मागण्याचं काम तुमचे बातमीदार करू शकतात. पुढच्या निकालाला एखादं कॉलेज शंभर टक्क्यांची बातमी घेऊन तुमच्या कचेरीत आलं, की ती जरूर छापा, पण छापण्याआधी प्रवेश किती जणांनी घेतला होता, दोन वर्षांपूर्वीची बॅच आज कुठे आहे आणि पोस्टिंगच्या वस्तीत शेवटची बैठक कधी झाली, हे तीन प्रश्न विचारा आणि मिळतील ती उत्तरं बातमीतच द्या. उत्तर मिळालं नाही तर ‘कॉलेजने माहिती दिली नाही’ एवढंच छापा.

आपली विश्वासू,
एक निवृत्त नर्सिंग शिक्षिका